बाई, कितीची विंग घेऊ?

गेल्या रविवारी उत्तर गोव्यात आश्वेच्या वाळूत गुडघे टेकून विंगमधली हवा काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली, आता पर्वरीला बँकेत आहे. जानेवारीपासून सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर पाण्यात उतरते आणि माझंच सामान वापरते. आता तिला स्वतःचं घ्यायचंय. "बाई, पैसे साठलेत. पण एकच विंग परवडेल. कितीची घेऊ?"

एका वाक्यात सांगता येणार नाही, लिहून पाठवते, असं म्हटलं. मोरजी-मांद्रे पट्ट्यात कुणी ना कुणी मला हे विचारतंच, म्हणून तिला लिहायचं ते इथेच लिहिते आहे.

ज्यांना विंग फॉइलिंग हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पायाखाली बोर्ड. बोर्डाच्या पोटाला पाऊण मीटरचा खांब, आणि खांबाच्या टोकाला, पाण्याखाली, छोट्या विमानासारखे पुढे-मागे दोन पंख. हे झालं फॉइल. हातात धरायचं ते हवा भरून फुगवलेलं शीड म्हणजे विंग. ती बोर्डाला जोडलेली नसते, पतंगासारखी लांब दोरांवर उडतही नाही. फक्त मनगटाला किंवा कमरेला एक दोर असतो, हातातून सुटली तर वाहून जाऊ नये म्हणून. वारा विंगमध्ये भरला की बोर्ड पळू लागतो, वेग पुरेसा झाला की पाण्याखालचे पंख बोर्डाला वर उचलतात आणि पाण्यावर बोर्ड आपटल्याचा चपचप आवाज एकदम थांबतो. ती शांतता पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला रडू आलं होतं. वाऱ्यासाठी हातात शीड धरायचे प्रयोग जुने आहेत, पण फुगवायच्या विंग २०१९ च्या सुमाराला बाजारात आल्या आणि खेळ जगभर पसरला. म्हणजे हा खेळ माझ्या नववीतल्या मुलांपेक्षाही लहान आहे.

विंगचं माप चौरस मीटरमध्ये असतं, साधारण दोनपासून आठपर्यंत. बोलताना आम्ही "चारची", "पाचची" म्हणतो, चपलेचं माप सांगावं तसं. आणि इथेच फसगत होते. चप्पल पायावरून ठरते, पाऊल बघितलं की झालं. विंगला मात्र तुमचं वजन हा हिशेबातला फक्त एक आकडा आहे.

माझी पहिली विंग चारची होती. माझं वजन ५५ किलो. जिथून ऑनलाइन मागवली त्यांच्या पानावर तक्ता होता: ५५ किलो, नवशिके, चार चौरस मीटर. पुढे बारीक अक्षरात वाऱ्याचा वेग दिला होता, १५ ते २२ नॉट. मी वजनाचा रकाना वाचला आणि वाऱ्याचा सोडला. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत, शाळा सुटली की स्कूटर काढून आश्वे गाठायचे, पंप मारायचे, पाण्यात जायचे आणि बोर्डावर गुडघे टेकून दोन तास इकडून तिकडे सरकत राहायचे. उभी राहिले तर बोर्ड बुडायला लागायचा, कारण वेगच नाही. माझ्या पलीकडून माझ्यापेक्षा वीस किलो जड पाहुणे सहाची विंग घेऊन पाण्याच्या वरून निघून जायचे. मला वाटायचं आपल्या पायात जोर नाही, आपलं वय झालं. त्या सगळ्या हंगामात मी फॉइलवर दोनदा उठले, आणि दोन्ही वेळा वारा नेहमीपेक्षा जास्त होता. हे तेव्हा कुणी मला समजावून सांगितलं असतं तर एक अख्खं वर्ष वाचलं असतं. एवढ्याचसाठी आता मी विचारणाऱ्याला टाळत नाही.

तक्ता खोटा नव्हता. तो आपल्या समुद्राचा नव्हता.

आपला वारा कसा आहे ते शाळेच्या भूगोलातच आहे: खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. रात्री उलटं. उत्तर गोव्यात फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी वायव्येकडून जो वारा येतो तो हा खारा वारा. बाराएकच्या सुमाराला तो चाहूल देतो, तीन ते पाचमध्ये भरात असतो आणि सूर्य कलला की मंदावत जातो. दुसऱ्या हंगामात मी वारा मोजायचं हातात मावणारं यंत्र घेतलं आणि रोज साडेतीनला काठावर उभी राहून वहीत आकडा लिहू लागले. बहुतेक दुपारी आकडा १० ते १३ नॉटमध्ये. पंधराच्या वर गेलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तेव्हा आपला नेहमीचा वारा ताशी वीस-बावीस किलोमीटरचा. यंत्र नसेल तर पाण्याकडे बघा. तुरळक ठिकाणी फेस दिसला तर वारा दहाच्या खाली आहे. सगळीकडे पांढरी टोकं फुटायला लागली की बाराच्या आसपास पोचला.

आश्वेला रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे एक काका आहेत. त्यांना नॉट वगैरे काही नको असतं. दुपारी एक वाजता ते क्षितिजाकडे हात करतात आणि "बाय, आला" म्हणतात. मला सुरुवातीला काहीच दिसायचं नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. जवळचं पाणी तेलासारखं गुळगुळीत आणि लांब, आकाशाला लागून, पेन्सिलीने गिरवल्यासारखी एक काळपट पट्टी. ती पट्टी म्हणजे वाऱ्याने खडबडीत झालेलं पाणी. पट्टी रुंद होत काठाकडे येते, आणि ती काठाला लागेपर्यंत माझा पंप मारून होतो.

हिवाळ्यातले सकाळचे पूर्वेचे वारे कधी कधी बऱ्यापैकी जोराचे असतात. ते बघून कुणी विंग फुगवू नये. तो मतलई वारा आहे, तो तुम्हाला सरळ अरबी समुद्रात घेऊन जाईल. आणि पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्याचा विचार करून लहान विंग घेण्यातही अर्थ नाही. वारा भरपूर असतो, पण समुद्र आपला नसतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींनासुद्धा मासेमारी बंद असते आणि किनाऱ्यावर जीवरक्षकांचे लाल बावटे लागलेले असतात. तेव्हा एकच विंग घ्यायची असेल तर ती उन्हाळ्यातल्या दुपारच्या १० ते १३ नॉटसाठी घ्यायची. वर्षातल्या सगळ्यात जोराच्या दिवसासाठी नव्हे.

आता गणित. ही पोरगी वाचणार आहे म्हणून मोकळेपणी मांडते.

विंगवर येणारं बल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतं, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वारा दहाचा पंधरा झाला तर बल दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. चारच्या ऐवजी पाचची घेतली तर क्षेत्रफळ सव्वापट. तेवढंच बल मिळवायला लागणारा वारा किती कमी झाला? सव्वाचं वर्गमूळ काढ, १.१२ येतं. म्हणजे चारची जिथे १२ नॉटला उठवते तिथे पाचची पावणेअकराला उठवेल. एक अख्खा चौरस मीटर वाढवून हातात पडला सव्वा नॉट. चारची सहा केली तरी बाराचे जेमतेम दहा होतात, आणि तेही कागदावर. प्रत्यक्षात मोठ्या विंगचं वजन आणि घेर त्यातलं थोडं परत काढून घेतात.

तरीही आपल्याकडे हा सव्वा नॉट सोन्याचा आहे, कारण आपला वारा नेमका त्या उंबरठ्यावर असतो. बारा नॉटच्या खाली न उठणारी मी पावणेअकराला उठते, आणि मार्चमधल्या कितीतरी दुपारी या दोन आकड्यांच्या मधे अडकलेल्या असतात. त्यात आपली हवाही हलकी. बत्तीस अंश तापमानाची हवा दहा अंशाच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते, दमटपणाने ती आणखी किंचित हलकी होते. थंड समुद्रावर बसून केलेले तक्ते आपल्याकडे अर्धा नॉट फसवतात ते यामुळे. जोराच्या वाऱ्यात हे जाणवणारही नाही, इथे जाणवतं.

"मग सरळ सहाची, सातचीच घ्यावी ना?" पहिल्या हंगामात हात पोळल्यावर मीही हाच विचार केला होता. एका ओळखीच्याची सहाची आठवडाभर वापरायला घेतली. उंचीने मी पाच फूट एक इंच. सहाच्या विंगचा टोकापासून टोकापर्यंत पसारा साडेतीन मीटरच्या जवळ जातो. गुडघ्यावरून उठताना विंग उभी धरावी लागते, तेव्हा तिचं खालचं टोक माझ्या पायापाशी पाण्यात बुडायचं. टोक पाण्यात गेलं की पाणी ते धरून ठेवतं, विंग पुढे कलंडते आणि आपण तिच्या कापडावर तोंडावर पडतो. एका दुपारी अकरा वेळा पडले. फॉइलवर एकदा उठलं की आपण अर्धा मीटर वर जातो आणि हा त्रास संपतो, पण उठेपर्यंतच तर सगळी लढाई आहे. उंच माणसाला हे सांगून पटत नाही. त्याचे हातच माझ्यापेक्षा वीतभर वर असतात.

त्यामुळे बुटक्या माणसाने, त्यातही बायकांनी, विंगच्या आकड्याबरोबर तिचा पसारा विचारावा. दोन पाचच्या विंगा शेजारी ठेवल्या तर एक लांबट आणि अरुंद असेल, दुसरी आखूड आणि पोटाला रुंद. लांबट विंग वाऱ्याच्या विरुद्ध वर चढायला चांगली, पण आखूड विंगची टोकं पाण्यापासून दूर राहतात. मी आखूड घेतली, पाचची. पसारा तीन मीटरच्या आसपास. त्या दिवसापासून टोक पाण्यात जाण्याची भीती गेली.

पण माझं खरं नशीब विंगने उघडलं नाही, फॉइलने उघडलं. पाचची यायच्या आधीचीच गोष्ट. माझ्या फॉइलचा पुढचा पंख १२०० चौरस सेंटिमीटरचा होता. एका मैत्रिणीने तिचा १७०० चा पंख एका दुपारी लावून दिला. स्क्रू फिरवायला दहा मिनिटं. वारा नेहमीचाच, वहीत ११ लिहिलेला. विंग तीच, चारची. मी उभी राहिले, दोनदा गुडघे वाकवून बोर्ड दाबला, आणि उठले. मी ओरडले ते काठावर ऐकू गेलं म्हणे.

हिशेब इथेही तोच आहे. पाण्याखालच्या पंखाचं उचलणं त्याच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. १२०० चे १७०० केले तर तेवढंच वजन उचलायला सोळा टक्के कमी वेग पुरतो. शिवाय विंगची सगळी ताकद लागते ती बोर्ड पाण्यातून सुटेपर्यंत. एकदा सुटला की पाण्याचा विरोध इतका कमी होतो की त्याहून कितीतरी कमी वाऱ्यात तरंगत राहता येतं. म्हणून मी आता कुणी "कितीची विंग" विचारलं की आधी "फॉइल कितीचं?" असं विचारते. लहान फॉइल ठेवून त्याची उणीव मोठ्या विंगने भरून काढायची म्हणजे उतारावरच्या गाडीला ब्रेक लावून मागून ढकलायचं. बोर्डाचंही तसंच. शिकताना वजनाच्या आकड्यात तीस-चाळीस मिळवून तेवढ्या लिटरचा घ्या, म्हणजे तो तुम्हाला उभं राहू देतो. थोडा लांब आणि अरुंद असेल तर वेग लवकर धरतो. बोर्डाबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

आता विंगच्या घडणीबद्दल, कारण एकाच मापाच्या दोन विंगांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

विंगेला पुढून एक जाड, वाकडी नळी असते आणि मधून उभी एक नळी. दोन्हींत हवा. बाकी सगळं ताणलेलं पातळ कापड. पुढची नळी किती ताठ आहे यावर बरंच अवलंबून. कमी वाऱ्यात आपण विंग हाताने झपझप ओढून पंख्यासारखी हलवतो, तेव्हा नळी वाकली तर तुमचा जोर नळी वाकवण्यात जातो. दुकानात किंवा काठावर विंग फुगवून जमिनीवर ठेवा आणि दोन्ही टोकं धरून एकमेकांकडे दाबून बघा. हाताला कळतं. अलूला नावाचं नवं कापड असलेल्या विंगा वजनाला हलक्या आणि ताठ असतात, मी एकदा हातात धरून बघितली, खरोखर कापसासारखी. पण किंमत अशी की आपल्यासारख्या पगारदाराने पहिल्या विंगसाठी तो विचार करू नये. त्या फरकाच्या पैशात फॉइलचा मोठा पंख येतो आणि वर पेट्रोलही सुटतं.

धरायला मऊ पट्ट्यांची हँडल असतात, कडक हँडल असतात किंवा एक सलग दांडा, बूम. मऊ पट्ट्यांनी माझी मनगटं दुखायची. फळ्यावर दिवसभर लिहिणाऱ्या हाताला कडक हँडल बरी पडली. ही ज्याची त्याची आवड, अर्धा तास धरून बघावी आणि ठरवावं.

पारदर्शक खिडकीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. पुष्कळ अनुभवी लोक खिडकी नको म्हणतात, वजन वाढतं, घडी घालताना ती चुरगळते. खरं आहे. पण आपल्या किनाऱ्यावर रापणीची जाळी लागलेली असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांची ओळ विंगच्या आड गेली आणि फॉइल जाळ्यात घुसलं तर जाळं फाटतं, आणि ते जाळं कुणाच्या तरी घरचा महिना असतो. काकांच्या जाळ्यापासून मी एकदा चार हातांवर येऊन थांबले, खिडकीतून बोया दिसला म्हणून थांबले. शनिवार-रविवारी पोहणारेही असतात. इथे शिकणाऱ्याने खिडकीवालीच विंग घ्यावी.

मोरजीला उतरणाऱ्यांना एवढंच सांगेन की शापोरा नदीच्या मुखाजवळ ओहोटीच्या वेळी नदी समुद्राकडे ओढते, उधाणाच्या दिवसांत तर फारच. वारा पडला तर कुठलीही विंग, अगदी सातची असली तरी, तुम्हाला त्या ओढीतून परत आणणार नाही. भरतीचं वेळापत्रक बघून जा. आणि तेंबवाड्याकडे कासवांची घरटी कुंपण घालून राखलेली असतात, तिथल्या वाळूत विंग पसरू नका. ऑलिव्ह रिडले माद्या तिथे अंडी घालायला येतात, आपल्याला पंप मारायला बाकीचा किनारा मोकळा आहे.

उन्हाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही, कारण माझी एक विंग उन्हाने मारली. विंगच्या नळीत सात पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरायची असं समजा. पंपाचा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, म्हणजे आतला खरा दाब सातात १४.७ मिळवून २१.७. सत्तावीस अंशांना भरलेली विंग तापलेल्या वाळूवर सोडली आणि आतली हवा पन्नास अंशांवर गेली, तर तो २१.७ चा सव्वातेवीसच्या वर जातो, काट्यावर साडेआठच्याही वर. मी एप्रिलमध्ये भर दुपारी विंग पूर्ण भरून ठेवली आणि शहाळं प्यायला गेले. परत आले तर मधल्या नळीच्या शिवणीतून सूं सूं आवाज येत होता, बोट लावलं तर थंड हवा लागत होती. त्याच विंगचा व्हॉल्व्ह पुढच्या महिन्यात गाडीच्या डिकीत डिंक वितळून सुटला. आता मी माडाच्या सावलीत फुगवते, अर्धा पीएसआय कमी ठेवते, आणि पाण्यात जायच्या वेळी काटा लावून बघते. घरी आल्यावर विहिरीच्या पाण्याने धुते, पडवीत सावलीत सुकवते. पावसाळ्यात सैल गुंडाळून खोलीतल्या कपाटात ठेवते. माळ्यावर एकदा ठेवली होती, उंदराने पिशवी कुरतडली, विंग थोडक्यात वाचली.

एकच विंग परवडणारा माणूस जुनीच घेणार, म्हणून जुनी विंग कशी बघायची तेही सांगते. हंगाम संपताना मेमध्ये परत जाणारे पाहुणे सामान विकून जातात, तेव्हा चांगल्या वस्तू मिळतात. पण विंग फुगवल्याशिवाय पैसे देऊ नका. फुगवून रात्रभर ठेवायला मागा. सकाळच्या गारव्याने ती थोडी मऊ लागेल, ते गळणं नव्हे. हाताला लुळी लागली तर गळते आहे. कापड मुठीत चुरगळून बघा. नवं कापड कागदासारखं कुरकुरतं, उन्हाने खाल्लेलं कापड जुन्या लुगड्यासारखं मऊ पडतं आणि असल्या कापडात वारा भरला की मागची कड फडफडत राहते, ताकद हातात येतच नाही. मग सूर्याकडे धरा, टाचणीएवढी भोकं उजेडात दिसतात. शेवटी नाक लावून वास घ्या. गोव्यात एक पावसाळा बंद पिशवीत काढलेल्या विंगला बुरशीचा वास येतोच आणि तो जात नाही. मी पाचची अशीच घेतली, कुरकुरणारी, एकाच हंगामाची.

तर आता तुझं, पोरी.

तू ६८ किलोची आणि पाच फूट सहा. तुझी उंची तुझ्या बाजूने आहे, सहाचं टोक तुला माझ्याइतकं छळणार नाही. माझ्या पाचच्या विंगने तू मागे एका रविवारी बारा नॉटला उठलीस पण वारा किंचित पडला की बसत होतीस, ते मी काठावरून बघितलं. तुझ्या वजनाला आपल्या दुपारच्या वाऱ्यात पाच जराशी कमी पडते. तुला साडेपाचची घे म्हणेन. ज्या दोन-चार दुपारी वारा सतराच्या वर जाईल त्या दिवशी ती तुझे हात ओढेल, त्या दिवशी माझी जुनी चारची घेऊन जा, ती अजून पडवीत आहे. ठिगळ लावलंय पण हवा धरते. साडेपाचची जुनी मिळाली नाही आणि सहाची चांगली मिळाली तर सहाचीही चालेल, फक्त आखूड पसाऱ्याची बघ. सातच्या नादाला लागू नकोस. ती माझ्या ऐंशी-नव्वद किलोच्या मित्रांची वस्तू आहे.

पैसे मोजताना आधी फॉइलचे बाजूला काढ. माझा १७०० चा पंख तुझ्या पायाला सवयीचा झालाय, तेवढाच किंवा १८०० चा घे. उरलेल्यात विंग. खिडकी आणि कडक हँडल बघ. दुकानदाराने वजनाचा तक्ता पुढे केला तर वाऱ्याचा रकाना कुठे आहे ते विचार, दहावीत प्रश्नपत्रिका वाचायचीस तसा सगळा तक्ता वाच.

येत्या शनिवारी मांद्र्याला एकजण आपली सहाची विकायला काढतोय, दोन वर्षं वापरलेली. तीन वाजता ये. आधी माडाच्या सावलीत फुगवू, मुठीत कापड चुरगळून बघू, आणि वारा बाराच्या आसपास असेल तर तू पाण्यात घेऊन जा. मी काठावर वही घेऊन उभी असेन. काटा मात्र तुझा आण, माझ्या पंपाचा मागच्या आठवड्यात सहावर अडकलाय.